फिरता खण

ओटीतले खण दोन जातीचे असतात. एक शिवायचे आणि दुसरे फिरायचे. शिवायचा खण घरात आला की चोळी होऊन अंगावर चढतो आणि तिथंच झिजून मरतो. फिरत्या खणाला मरण नाही. रंग उतरलेला, पन्ह्याला अपुरा, एखाद्या कोपऱ्यात उंदरानं चाखून बघितलेला असा खण आलेल्या सवाष्णीच्या ओटीत जातो. ती तो घरी नेऊन नीट घडी घालून ट्रंकेत ठेवते आणि पुढची सवाष्ण दारात आली की तिच्या ओटीत घालते. कुंडलातून निघालेला खण कराड, कोरेगाव असे तालुके पालथे घालून पुन्हा कुंडलात आल्याचे दाखले आहेत. तो ओळखू येतो. पण कुणी ओळख दाखवत नाही.

नाथाजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक तर तो पुरुषमाणूस, त्यातून फौजेतला. लग्न झालं आणि हळद निघायच्या आत तो पलटणीत गेला. पलटण गेली इराणात. लढाई व्हायची तिथं ही मंडळी पोचेपर्यंत लढाई उरकून गेली होती. मग तेलाच्या नळाशेजारी बंदूक घेऊन उभं राहायचं, एवढंच काम उरलं. नळ कुणी चोरून नेला नाही म्हणून सरकारनं त्याला नाईक केलं.

तळ किरमानशाह नावाच्या गावाबाहेर होता. तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्यानं त्याला कोपऱ्यात बोलावलं आणि गाठोड्यातून एक कापड काढलं. पिकून फुटलेल्या डाळिंबाच्या रंगाची मखमल. तिच्यावर चांदीच्या तारेनं भरलेला घोडा, घोड्यावर झोकदार फेट्याचा सरदार, त्याच्या हातात छोटी वाटी, पायाशी कुत्रा, बाजूला सुरूचं झाड आणि झाडाखाली पाठ फिरवून उभी असलेली एक बाई. कडेनं वळणावळणाची फारसी अक्षरं. तार काळी पडली होती, पण उन्हात धरली की घोडा चालायला लागल्यासारखा वाटायचा.

म्हातारा फारसीत बोलत होता आणि नाथाजी कुंडलच्या मराठीत. दोघांत मिळून एकच शब्द सामाईक निघाला. म्हातारा म्हणाला, "मखमल." नाथाजी म्हणाला, "मखमल." यावर दोघांचं एकमत झालं. मग म्हाताऱ्यानं डोळे पुसत पुसत बरंच काही सांगितलं. बहुधा हेच, की हे माझ्या पणज्याच्या पणज्याच्या वेळचं आहे, असं भरतकाम करणारी बोटं आता जगात राहिली नाहीत. नाथाजीनं घेतलेला अर्थ असा, की माल जरा जुना आहे म्हणून स्वस्तात देतोय. त्यानं चहाचा डबा आणि पलटणीचे लोकरी मोजे पुढं केले. म्हाताऱ्यानं कापडाचा मुका घेतला, ते नाथाजीच्या हातात दिलं आणि तिथल्या तिथं खाली बसून मोजे घातले.

नाथाजीच्या मनात एकच गोष्ट होती. तो घरी पत्रं धाडायचा ती बापाच्या नावानं. चावडीवर कुणीतरी ती मोठ्यानं वाचायचं आणि शेवटी असायचं 'सर्वांस नमस्कार'. बायकोच्या, म्हणजे बनूच्या वाट्याला त्या 'सर्वांस'मधला जो काही तुकडा येत असेल तेवढाच. म्हैस धरून घरात आठ जीव. तेव्हा एक तरी वस्तू अशी पाहिजे होती, की जी सर्वांस नाही.

त्याच महिन्यात त्याच्या गल्लीतला गुंडा नावाचा शिपाई रजेवर निघाला. नाथाजीनं मखमल त्याच्याकडं दिली.

"बनूला दे. चोळीला धाडलीया म्हणावं."

गुंडा बाँब पडताना हललेला नव्हता, पण हे ऐकून हलला. दुसऱ्याच्या बायकोपुढं उभं राहून 'चोळी' हा शब्द उच्चारायचा! बोटीवर त्यानं विचार केला, आगगाडीत विचार केला आणि कुंडलात आल्यावर नाथाजीच्या आईच्या, साळूबाईच्या, हातात गाठोडं देऊन तो म्हणाला, "काकू, नाथाजीनं खण धाडलाय." आणि पळाला.

झालं. खण म्हटल्यावर खण. बनू तेव्हा पंचमीला माहेरी रहिमतपूरला गेली होती. साळूबाईनं आपल्या परीनं प्रयत्न केला, नाही असं नाही. ती कापड घेऊन पीरमहंमद शिंप्याकडं गेली. त्यानं सुई घातली, सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"साळूआक्का, ह्येची चोळी शिवली तर बाई बसंल, पर चोळी उभीच ऱ्हाईल."

साळूबाईनं कापड घरी आणलं आणि फिरत्या खणांच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं.

लढाई संपल्यावर नाथाजी परत आला, तेव्हा सगळा मुलूख गोऱ्यांना हाकलण्यात गुंतला होता, आणि हा गोऱ्यांचेच बूट घालून वेशीतून आत आला. पारावरच्या भाऊसोनं विचारलं, "काय रं नाथा, सायबाला सांगून आलास का त्येला संगं आणलास?" नाथाजीनं बूट काढून हातात घेतले आणि घर गाठलं. संध्याकाळी जेवणं झाली. परसात बनू भांडी घासत होती. पाच वर्षांत पाठ करून ठेवलेलं वाक्य त्यानं हळूच म्हटलं.

"मखमल कशी वाटली?"

"कसली मखमल?"

पुढच्या चौकशीत सगळं बाहेर आलं. बनूनं ऐकून घेतलं, राखेचा हात धुतला आणि आत गेली. सुनेला सासूशी अबोला धरायची सोय नव्हती. मग तो तिनं नवऱ्याशी धरला. नवऱ्याचं नाव ती आधीही घेत नव्हती, चारचौघांत त्याच्याशी बोलत नव्हती, त्यामुळं बायको आपल्याशी बोलत नाही हे नाथाजीला कळायलाच दोन दिवस गेले. कळल्यावर मात्र त्याला जेवण जाईना.

"आये, कुनाला दिलास तू त्यो खण?"

"उंब्रजच्या अंबीला. तुझी मावशी आलती की रं सुगीला."

"मग माघारी माग."

साळूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "नाथा, ओटीत घातल्यालं माघारी मागणं म्हंजी दिल्याली लेक माघारी मागणं. लोकं तोंडात श्यान घालतील. आन गुंड्याला काय झालतं? मकमल म्हणून सांगाय त्येची जीभ झडली व्हती? खण म्हणाला, म्या खणात ठिवला."

"मग आता?"

साळूबाईनं सूप पुन्हा उचलून पाखडायला घेतलं. तिला वाईट वाटत होतं, पण ते दाखवायची तिच्या घराण्यात पद्धत नव्हती. "मागायचं न्हाई. पावनं म्हणून जावा दोघं. सवाशीण दारात आली की तिची ओटी भरावीच लागती. अंबीनं फिरवला नसंल, तर ती त्योच घालंल. ओटीनं गेलेलं ओटीनंच येतंय."

असा तो प्रवास सुरू झाला. किर्लोस्करवाडीला दोघं आगगाडीत बसली. बनू खिडकीशी, नाथाजी समोर, मधे शेणोलीला उतरणारी एक अनोळखी म्हातारी. गाडी सुटल्यावर बनू म्हातारीला म्हणाली, "आज्जे, त्येंला म्हणावं टोपी काढून ठेवा, उडंल."

म्हातारीनं नाथाजीकडं बघितलं. "टोपी काढ म्हणतीया."

"तिला म्हणावं, पलटणीत आमी टोपी घालून झोपतूया."

"झोपतंय म्हणं," म्हातारीनं सांगितलं.

तेवढ्यात टोपी उडाली आणि म्हातारीच्या मांडीवर पडली. बनू खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते, पण ते गाडीमुळं असेल असं नाथाजीनं धरलं. शेणोलीला उतरताना म्हातारी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, हिला कुनाच्या तरी घरी सोडाय निघालायस का आणाय निघालायस, मला काय कळलं न्हाई. पर हिला सोडू नगंस."

उंब्रजला अंबूबाईनं तोंडभरून स्वागत केलं. चहा झाला, पोहे झाले. नाथाजीला खण मागायचा नव्हता, फक्त विषय काढायचा होता. इराणात विषय काढायचं शिक्षण देत नाहीत.

"मावशे," तो म्हणाला, "इराणात मखमल लय."

"असंल बाबा."

"लय म्हंजी लय. जिकडं बघावं तिकडं मखमल."

"मग लोकं घालत्यात काय?"

"मखमलच."

अंबूबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि ओटीचं ताट आणायला उठली. नाथाजीनं श्वास धरला. ताटात तांदूळ होते, नारळ होता आणि एक हिरवा इरकली खण. बनूनं पदर पसरला, ओटी घेतली, पाया पडली. नारळ नाथाजीच्या पिशवीत गेला. त्याच्या चेहऱ्याकडं बघून शेवटी अंबूबाईच कळवळली.

"काय सांगू नाथा, तुज्या आयेनं दिला व्हता मला एक मकमलीचा. खोटं कशाला बोलू, शिवायला घ्यावा म्हणून उलगाडला आन हातच गळालं माजं. साक्षात खंडुबा रं त्येच्यावर! घोडा, कुत्रं, हातात भंडाऱ्याची वाटी! आता पालीचा देव म्या पाठीवर घिऊन फिरू व्हय? आन बसायचं कसं टेकून?"

"मग कुठं हाय त्यो?" नाथाजी एकदम म्हणाला आणि बनूनं त्याच्याकडं बघितल्यावर "म्हंजी खंडुबा," अशी दुरुस्ती केली.

"देव्हाऱ्यात ठिवला व्हता महिनाभर. भंडारा वाहिला. पर झाडाखाली ती बाई हाय का न्हाई, ती म्हाळसा बी दिसंना, बानू बी दिसंना. ती रुसून उभी. मग आमच्या जोतीराम मास्तरानं बघितलं. म्हणाला, काकी, अक्षरं मुसलमानी हायती. मी म्हटलं, म्हंजी ह्यो खंडुबा न्हवं? त्यो म्हणाला, वाटी बी भंडाऱ्याची न्हवं. मला तर दरदरून घाम फुटला. महिनाभर मी कुनाची आरती केली, त्येचं त्यालाच ठावं. मग म्हटलं ज्येचं त्येला द्यावं. मसूरच्या माळावरल्या पिराला गलेफ म्हणून घातला."

पिराच्या कबरीवर चादर चढवतात तिला आमच्याकडं गलेफ म्हणतात. नवस फेडायला तो हिंदूही चढवतात आणि मुसलमानही. पीर विचारत नाही. दोघं माळ तुडवत निघाली. वाटेत बनू एका बाभळीला म्हणाली, "देवाला घातल्यालं आता कसं माघारी यायचं गं बाई!" बाभळीनं उत्तर दिलं नाही. नाथाजीनं दिलं, "बघू की." बनूनं ते बाभळीनं दिल्यासारखंच मानलं आणि पुढं चालू लागली.

पिराच्या कबरीवर हिरवी सुती चादर होती. नाथाजीनं नमस्कार करताना तिची कड हळूच उचलून खाली बघितलं. खालीही हिरवीच. मागून पिराची दिवाबत्ती बघणाऱ्या मुजावर चांदसाहेबांनी खाकरून विचारलं, "काय शोधतायसा?"

"काय न्हाई चाचा. गलेफ चांगला हाय."

"सुती हाय."

"सुतीच चांगला. मखमल काय कामाची!"

चांदसाहेब मखमल म्हटल्यावर दचकले आणि त्यांनी आत बघून हाक मारली, "सलिमा! मखमलवाले आले गं कोन तरी!"

त्यांची बायको सलिमा पदराला हात पुसत आली. तिनं बनूला बसवलं, पाणी दिलं आणि मग मोकळी झाली. "उंब्रजच्या एक काकी घालून गेल्या. ह्येनी बघितलं तर काय! पिराच्या अंगावर घोडा, कुत्रा, आन वर एक बाबा प्याला घिऊन बसलाय! प्याल्यात काय असंल ते काय इचारायला नको. ह्येनी तोबा तोबा करत उचलला. टाकावा, तर कडंनं अक्षरं. वाचाय येतंय कुनाला हितं? काय पाक लिवलं असलं तर? टाकता येईना, ठिवता येईना. कोंबड्याच्या खुराड्यावर बी घालता येईना."

"मग?" नाथाजी आणि बनू एकदम म्हणाले. अबोल्यातलं हे पहिलं सामाईक वाक्य.

"मग एक बाई आली नवसाला. जावई लढाईवर गेलाय, इराणात कुठं तरी. सुकरूप माघारी येऊ दे, मलिदा करीन म्हणाली. लय रडली. लेकीनं पाच वर्षांत लुगड्याचा रंग बदलला न्हाई म्हणाली. मला बघवंना. म्या तिची ओटी भरली त्येनं. पिराचा परसाद म्हणून." सलिमानं बनूकडं बघितलं. "ओटी भरायला काय जात लागत न्हाई बाई, पदर लागतोय."

"कुठली होती ती?" बनूचा आवाज बारीक झाला.

"रहिमतपूरची."

बनू जमिनीकडं बघत राहिली. नाथाजीनं हिशेब केला आणि तोही जमिनीकडं बघायला लागला. रहिमतपूरला जावई इराणात असलेली बाई एकच होती. ती त्याची सासू. तिनं तो जिवंत परत यावा म्हणून नवस बोलला, आणि पिरानं ताबडतोब त्याचंच कापड पुढं पाठवून दिलं. माणूस मागाहून येईल, अशी पोच म्हणून. निघताना सलिमानं बनूची ओटी भरली. साधा तांबडा खण, तांदूळ, नारळ. नाथाजीच्या पिशवीत आता दोन नारळ झाले आणि चालताना ते एकमेकांवर आपटून बोलू लागले. त्या दोघांत बोलणारे तेवढेच.

रहिमतपूरला सुलाबाईनं जावयावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाय धुवायला पाणी दिलं. मग घोंगडं अंथरून म्हणाली, "थांबा, तुमास्नी एक दावते. ह्येच्याच पुण्याईनं तुमी आलायसा." आणि तिनं कापराच्या वासाची घडी आणून उलगडली.

बनूनं ती मखमल पहिल्यांदा बघितली. दाराच्या उजेडात डाळिंबी रंग पेटला, चांदीच्या तारा लकाकल्या आणि घोड्यानं पाऊल उचललं. तिनं बोट पुढं केलं, पण लावलं नाही.

नाथाजीच्या घशात शब्द आले होते. हे मी आणलंय, हिच्यासाठी आणलंय, माझे मोजे गेलेत ह्यात. पण ते सांगायचं तर मधली सगळी साखळी सांगावी लागणार. आईनं लेकानं धाडलेला खण दुसरीच्या ओटीत ढकलला, ही गोष्ट विहिणीच्या कानावर जाणार. रहिमतपुरात ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली असती आणि साळूबाईला उभ्या जन्मात या गावाच्या वेशीत पाय ठेवता आला नसता. त्यानं बनूकडं बघितलं. बनूला तर सासूचं उट्टं काढायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. स्वतःची आई, स्वतःचं घर, पुरावा मांडीवर. तिनं एकदा तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाली, "लय झ्याक हाय गं आये. पिराची कृपा."

नाथाजीला त्या क्षणी ती पाच वर्षांपूर्वीपेक्षा फार आवडली.

बनू अजून चित्राकडंच बघत होती. "आये, ह्या झाडाखालच्या बाईचं काय बिनसलंय गं?"

"काय ठावं! नवरा एवढा घोड्यावर बसून आलाय आन ही पाठ फिरवून हुबी."

"तिचा नवरा परमुलखातनं आलाय," नाथाजी घोड्याकडं बघून म्हणाला. "त्येनं तिच्यासाठी धाडल्यालं तिला पोचलं न्हाई."

"धाडायचं कशाला?" बनू झाडाकडं बघून म्हणाली. "सोता आणून द्यायचं की हातात. दुसऱ्याच्या हाती कशापायी?"

"त्येला वाटलं, पाच वरसं उगंच ऱ्हाण्यापरीस काय तरी आधी पोचावं."

बनूनं नजर झाडावरून घोड्यावर आणली. "नुसतं नाव घालून पत्र धाडलं असतं तरी चाललं असतं."

"त्येचं चुकलं."

"कुनाचं?"

"घोडेवाल्याचं."

बनूला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. सुलाबाई एकदा कापडाकडं आणि एकदा या दोघांकडं बघत होती. "तुमी दोघं कुनाबद्दल बोलताय?"

"खंडुबाबद्दल," बनू म्हणाली.

"खंडुबा हाय व्हय ह्यो!" सुलाबाईनं घाईघाईनं हात जोडले. मग तिनं घडी घातली आणि मखमल पुन्हा कापरात ठेवायला निघाली. बनूचं हसू थांबलं.

"आये, ठेवतीस?"

"मग! परसादाचा खण हाय. असाच उठून ओटीत घालायचा व्हय! आज तुझी ओटी भरीन ती साध्या खणानं. ह्यो म्या डोहाळजेवणाला ठिवलाय. पिरानं जावई आणून दिला. त्येचं काम त्येनं केलं." ती जावयाकडं न बघता म्हणाली, "आता पुढचं काय पिरानं करायचं न्हाई."

नाथाजीच्या हातातली पिशवी सुटली. दोन्ही नारळ घरभर गडगडत गेले आणि ते गोळा करण्यात त्यानं गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

परतीच्या गाडीत बनू खिडकीशी बसली आणि नाथाजी समोर. पिशवीत तीन नारळ. डब्यात मधे बसायला कुणी म्हातारी नव्हती. मसूर गेलं, कराड गेलं.

"आवं," बनू म्हणाली.

नाथाजीनं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली की काय म्हणून.

"तुमालाच. टोपी काढा."

त्यानं टोपी काढली. पलटणीत इतक्या चटकन त्यानं कुणाचा हुकूम पाळला नव्हता.

पुढच्या वर्षी कुंडलात नाथाजीच्या दारात मांडव पडला. साळूबाईनं सगळ्या पाहुण्यांना निरोप धाडले होते. उंब्रजची अंबूबाई आली. सुलाबाईनं नवस फळला म्हणून रहिमतपूरहून येताना पिराच्या घरच्या सलिमालाही संगं आणलं. बनूला हिरव्या लुगड्यात पाटावर बसवली. सुलाबाईनं तांदूळ घेतले, नारळ घेतला आणि कापराच्या घडीतून मखमल काढून लेकीच्या ओटीत घातली.

अंगणातल्या बायकांच्या माना एकदम पुढं झाल्या.

अंबूबाईनं खंडोबा ओळखला. सलिमानं प्यालेवाला बाबा ओळखला. साळूबाईनं दोन मोडलेल्या सुया ओळखल्या. मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या पीरमहंमदानं नकळत बोट चोखलं. जिनं तिनं दुसरीकडं बघितलं, आणि जिनं तिनं ठरवलं, की हे आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे. फिरता खण ओळखायचा, ओळख दाखवायची नाही. शेवटी यजमानीण म्हणून साळूबाईलाच बोलणं भाग पडलं.

"लय भारी खण हाय ईनबाई. कुठनं घेतलासा?"

"पिरानं दिला," सुलाबाई म्हणाली.

"काय बाई नशीब एकेकाचं," अंबूबाई म्हणाली आणि सलिमाकडं बघून हसली. सलिमाही हसली, आणि दोघींनी लगेच माना वळवल्या. चुलीपाशी जळण फोडत असलेला नाथाजी बनूकडं बघत होता. बनू ओटीतल्या झाडाखालच्या बाईकडं बघत होती.

जेवणं झाली. पाहुण्या निघायला लागल्या. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून अंबूबाईनं घाई केली. साळूबाई तिची ओटी भरायला उठली, ताटात तांदूळ आणि नारळ घेतला आणि खण काढायला आत गेली. ट्रंकेवर बनू बसली होती. ओटीतलं सगळं तिनं ट्रंकेत घातलं होतं आणि वर ती स्वतः.

"ऊठ की गं वाईच. अंबीला खण काढायचाय."

बनूनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. "सातवा लागलाय, आत्याबाई. मला उठवत न्हाई."

साळूबाईनं सुनेकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं, आणि माघारी फिरली. अंबूबाईच्या ओटीत त्या दिवशी नुसते तांदूळ पडले आणि नारळ पडला. पदर पसरताना अंबूबाईनं डोळे मिटून घेतले होते, घोडेवाला पुन्हा आपल्याच पदरात येतो की काय म्हणून. पदरात खण नाही असं दिसल्यावर तिनं पालीच्या खंडोबाच्या दिशेला तोंड करून मनोभावे हात जोडले.